समुद्रावरचं बालसंगीत (कोल्हापूर)

साधारण ४ ते ८ वर्षांच्या मुलांना लाटा, वारा, भरती-ओहोटी, होडी या गोष्टींवरून स्वतःचं संगीत बनवायला शिकवणं म्हणजे समुद्रावरचं बालसंगीत. गॅदरिंगला रेकॉर्डवर कोळीडान्स बसवतात तो यात धरू नये, कारण तिथं मूल स्वतः काहीच बनवत नाही.

कोल्हापूरला समुद्र नाही. आंबा घाट उतरून रत्नागिरी सव्वाशे-दीडशे किमी, त्यामुळे वर्गातल्या बऱ्याच पोरांनी समुद्र गणपतीपुळ्याच्या सहलीत एकदा कधीतरी बघितलेला असतो, काहींनी तर बघितलेलाच नसतो. म्हणून मोबाईलवरच्या लाटांपेक्षा सुरुवात गावातल्या रंकाळा तलावावर करावी, वारा सुटला की दगडी काठावर पाणी थपथप आपटतं ते डोळे मिटून ऐकायचं, मग दुसऱ्या दिवशी राजाराम बंधाऱ्यावरून पडणारी पंचगंगा लांबून ऐकायची आणि फरक काय ते मुलांनाच विचारायचं. बंधाऱ्याचा आवाज सलग, काठावरचा येऊन-जाऊन. समुद्राची लाट काठावरच्या जातीची, फक्त फार मोठी आणि संथ, मोठ्या दोन लाटांत ८-१० सेकंद सहज जातात. तेवढं थांबून राहणं लहान मुलाला लई अवघड जातं, आणि या सगळ्यात शिकवण्यासारखं सगळ्यात मोलाचं तेच आहे असं मला वाटतं.

वाद्यं घरातलीच चालतात. सुपात मूठभर ज्वारी घेऊन सूप हळूहळू कलतं केलं की लाट सरकत येते, उलट कलवलं की ओसरते. दुकानात मिळणारा ओशन ड्रमही असाच, आत बारीक मणी घरंगळतात. ३ वर्षांच्या आतल्या पोरांच्या हातात मात्र सुटे दाणे देऊच नयेत, नाकातोंडात जातात. चिनी मातीच्या वाडग्यांत पाणी भरून जलतरंगही होतो. वाडग्यात पाणी वाढवलं की स्वर खाली उतरतो, पण बाटलीत पाणी वाढवून तोंडावर फुंकलं तर स्वर वर चढतो, कारण वाडग्यात वाडगा थरथरतो आणि बाटलीत पाण्यावरची हवा. हे पोरांना आधी करून बघू द्यावं, असं का होतं ते नंतर सांगावं.

स्वरांसाठी भूप हा पाच स्वरांचा राग उत्तम. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फच्या पद्धतीत लहान मुलांच्या झायलोफोनवरून म आणि नी च्या पट्ट्या काढून ठेवतात, उरतात सा रे ग प ध, म्हणजे भूपाचेच स्वर, आणि त्यातले कुठलेही एकत्र वाजले तरी फारसे टोचत नाहीत. पेटीवर तर आणखी सोपं, काळी तीन (तीन काळ्या पट्ट्यांच्या गटातली पहिली) सा धरून फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या. शास्त्रीय गायक अल्लादिया खाँसाहेबांचं (१८५५–१९४६) हे गाव, त्यामुळे पालकांना आधी पलटे-अलंकार, म्हणजे स्वरांचे ठराविक सराव, हवे असतात, ते जरूर शिकवावेत, पण ५ वर्षांच्या मुलाला स्वतःची चार स्वरांची लाट सुचली तर तिला आधी जागा द्यावी. ठेका हवाच असेल तर कोळीगीतांतला सहा मात्रांचा झुलता ठेका घ्यावा, वल्ही मारायची ॲक्शन करत पोरं तो पटकन पकडतात.

७-८ वर्षांच्या मुलांना भरतीची रचना जमते. एका भरतीपासून पुढची साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, ते चक्र पाचेक मिनिटांत बसवायचं, आधी एकच सूप, मग एकेक वाढत सगळा वर्ग, मग उलट क्रमाने कमी. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाणाची भरती येते ती जोरकस, अष्टमीच्या सुमाराला भांगाची ती बेताची, दोन्ही बसवून शेजारच्या वर्गासमोर वाजवायच्या आणि कुठली कोणती ते त्यांनी ओळखायचं.