पहिली दुर्बीण घेण्याआधी

“ही दुर्बीण किती लांबचं बघते?” आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात हा प्रश्न हमखास येतो. उत्तर ऐकून विचारणारा बुचकळ्यात पडतो, कारण नुसत्या डोळ्यांनीही आपण २५ लाख प्रकाशवर्षं लांबचं बघू शकतो. दिवाळीच्या सुमारास शहरापासून दूर, चंद्र नसलेल्या रात्री देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) धुरकट ठिपक्यासारखी दिसते आणि तिच्यातून निघालेला प्रकाश तेवढी वर्षं प्रवास करून आपल्या डोळ्यांत शिरतो. म्हणजे अडचण अंतराची नाही, उजेड पुरत नाही ही आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर रुंद होते, आणि त्या एवढ्याशा खिडकीतून जेवढा प्रकाश आत येतो तेवढ्यावरच डोळ्याला भागवावं लागतं. दुर्बीण ही खिडकी मोठी करते. तिचं पहिलं काम हेच.

म्हणून दुर्बीण घेताना सगळ्यात आधी विचारायचा तो तिच्या मुख्य भिंगाचा किंवा आरशाचा व्यास. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७० मिमीची दुर्बीण डोळ्याच्या शंभरपट प्रकाश गोळा करते, १५० मिमीची सुमारे साडेचारशेपट. बारकावे दाखवण्याची ताकदही व्यासाबरोबर वाढते. एकमेकांना चिकटलेले जोडतारे वेगळे दिसणं किंवा शनीच्या कड्यांमधली काळी फट दिसणं हे व्यासावर ठरतं.

खोक्यावर मात्र व्यास बारीक अक्षरांत असतो आणि ठळक अक्षरांत छापलेलं असतं ‘६७५ एक्स’. हा आकडा येतो कुठून ते एकदा मांडून बघा. दुर्बीण किती पटीनं मोठं दाखवते हे काढायला मुख्य भिंगाच्या नाभीय अंतराला (भिंगापासून प्रकाश जिथे एकवटतो तिथपर्यंतच्या अंतराला) आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, नाभीय अंतरानं भागायचं. ६० मिमी व्यासाच्या आणि ९०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला ४ मिमीचा आयपीस लावला की ९०० भागिले ४, म्हणजे २२५ पट. त्यात तिप्पट करणारं बार्लो भिंग घातलं की झाले ६७५. गणित बरोबर आहे, पण त्या दुर्बिणीत त्यातून काही दिसत नाही. ढोबळ हिशेब असा, की व्यास जितके मिलिमीटर त्याच्या दुपटीपर्यंतच वर्धन उपयोगाचं. ६० मिमीला १२० पट ही हद्द झाली. त्यापुढे बिंब मोठं होतं, पण अंधूक आणि फुसकं होत जातं, नवा तपशील एकही दिसत नाही. दुर्बीण कितीही मोठी असली तरी आपल्या डोक्यावरची हवा थरथरत असते, त्यामुळे बहुतेक रात्री दोनशेच्या वर जाण्यात अर्थ नसतो.

आणखी एक गोष्ट हा आकडा सांगत नाही. पृथ्वी फिरते, आणि तिचं फिरणंही तेवढ्याच पटीनं मोठं दिसतं. ४८ पटीला साध्या आयपीसमध्ये गुरू एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सुमारे चार मिनिटं घेतो. ६७५ पटीला तो अठराएक सेकंदांत नजरेआड होतो. तेवढ्यात फोकस करायचा, डोळा स्थिर करायचा, आणि घरातल्या लेकराला “ये, बघ” म्हणून जागा द्यायची. लेकरू डोळा लावतं तेव्हा समोर फक्त काळोख असतो. अशा दुर्बिणी महिन्याभरात माळ्यावर जातात आणि त्यांच्याबरोबर एका मुलाची उत्सुकताही जाते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

व्यासाच्या खालोखाल महत्त्वाचा आहे स्टँड, आणि स्वस्त दुर्बिणींत काटकसर होते ती नेमकी तिथेच. दुकानात किंवा कुणाच्या घरी दुर्बीण बघायला मिळाली तर एक चाचणी जरूर करा. लांबच्या टाकीवर किंवा टॉवरवर फोकस करून नळीला बोटानं हलकी टिचकी मारा आणि चित्र स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते बघा. दोन-तीन सेकंदांत थांबलं तर ठीक. पाच-सहा सेकंद हलतच राहिलं, तर फोकसच्या चाकाला हात लावताक्षणी सगळं डुचमळणार आणि नेमका फोकस कधीच साधणार नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या काटकुळ्या पायांच्या तिवईवर उत्तम भिंगसुद्धा वाया जातं.

स्टँड दोन प्रकारचे. एक वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा साधा. दुसरा विषुववृत्तीय, म्हणजे इक्वेटोरियल, ज्याचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा असतो. एकाच चाकानं ताऱ्याचा पाठलाग करता येतो म्हणून पुष्कळजण दुसऱ्याकडे ओढले जातात. पण आपण राहतो कुठे याचा विचार इथे करायला हवा. ध्रुवतारा क्षितिजापासून तितकेच अंश वर असतो जितका आपला अक्षांश. पुण्यात साडेअठरा, नागपुरात एकवीस, पणजीत जेमतेम साडेपंधरा. युरोप-अमेरिकेत तो आकाशात बराच वर असतो, आपल्याकडे समोरच्या इमारतीमागे. शिवाय अक्ष इतका आडवा केला की तोलासाठी लावलेलं वजन तिवईच्या पायांना आपटू लागतं. जाणकारांना यातून मार्ग काढता येतो. नवशिक्याच्या पहिल्या दहा रात्री मात्र तारे बघण्याऐवजी स्टँडशी झटापट करण्यात जातात. फोटोग्राफी करायची नसेल तर पहिल्या दुर्बिणीला साधा स्टँडच बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि साध्या स्टँडमधला सर्वांत चांगला स्टँड एका संन्याशानं लोकप्रिय केला. जॉन डॉब्सन १९१५ साली बीजिंगमध्ये जन्मले आणि रसायनशास्त्र शिकून १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले. ही सोसायटी १९०० साली स्वामी विवेकानंदांनी स्थापन केलेली. मठात राहायचं म्हणजे हाताशी पैसा नाही. डॉब्सननी जहाजांच्या गोल खिडक्यांच्या जाड काचा मिळवल्या, त्या हातानं घासून आरसे बनवले, नळीसाठी पुठ्ठ्याचे जाड सिलिंडर घेतले आणि खाली प्लायवुडची पेटी ठेवली. ना गिअर, ना वजनं. नळी पेटीत बसते, घर्षण तिला धरून ठेवतं आणि बोटानं ढकललं की ती सरकते. या दुर्बिणी ते रस्त्यावर लावत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शनी दाखवत. या उद्योगापायी १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्यांनी साथीदारांबरोबर फुटपाथवरच्या खगोलप्रेमींची संघटना उभी केली. रचनेचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. २०१४ साली ते वारले. आज जगभर ‘डॉब्सोनियन’ नावानं विकल्या जाणाऱ्या दुर्बिणी याच साध्या पेटीवर फिरतात. स्टँडवरचा खर्च वाचला की तोच पैसा आरशात जातो, आणि म्हणून त्याच किमतीत सर्वांत मोठा व्यास डॉब्सोनियनमध्ये मिळतो.

भिंगाची घ्यावी की आरशाची, यावर लोक तावातावानं वाद घालतात. भिंगाची दुर्बीण काटक असते, देखभाल जवळपास नाही, पण स्वस्त आखूड दुर्बिणीत चंद्राच्या आणि गुरूच्या कडेला जांभळी झालर दिसते आणि व्यास वाढला की किंमत भराभर चढते. आरशाच्या, न्यूटनच्या पद्धतीच्या दुर्बिणीत ही झालर नसते. तिचे आरसे मात्र अधूनमधून जुळवावे लागतात. याला कॉलिमेशन म्हणतात, आणि दोन-चार वेळा केलं की ते पाच मिनिटांचं काम होतं. आरशाची दुर्बीण घेताना एका गोष्टीवर नजर ठेवा. न्यूटोनियन दुर्बिणीची नळी साधारण तिच्या नाभीय अंतराएवढी लांब असते. खोक्यावर १००० मिमी नाभीय अंतर लिहिलंय आणि नळी मात्र जेमतेम अर्ध्या मीटरची, असं दिसलं तर आत फोकसरमध्ये, म्हणजे आयपीस बसतो त्या पुढे-मागे सरकणाऱ्या नळीत, एक जादा भिंग बसवलेलं आहे असं समजा. ११४ आणि १२७ मिमीच्या कित्येक स्वस्त दुर्बिणी अशा असतात. त्यांचं चित्र मऊ येतं आणि आरसे जुळवताना घाम फुटतो. त्या टाळाच.

आता नेमकी कोणती? गच्चीवर किंवा अंगणात सहज नेता येणार असेल आणि घरात जागा असेल, तर १५० मिमी व्यासाची, १२०० मिमी नाभीय अंतराची डॉब्सोनियन. तिच्यात २५ मिमीच्या आयपीसनं ४८ पट आणि १० मिमीनं १२० पट मिळतं, आणि पहिली दोन-तीन वर्षं याहून जास्त काही लागत नाही. नळी सव्वा मीटरची आहे, हे लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यानं लक्षात घ्यावं. त्याच्यासाठी १३० मिमीची टेबलावर ठेवायची छोटी डॉब्सोनियन, किंवा भक्कम तिवईवरची ७०-८० मिमीची भिंगाची दुर्बीण. आयपीसचा दांडा सव्वा इंची आहे ना, ते बघून घ्या, म्हणजे पुढे चांगले आयपीस लावता येतील. गच्चीची किल्ली सोसायटीत कुणाकडे असते आणि रात्री मिळते का, हेही दुर्बीण मागवण्याआधीच विचारा. बंद खिडकीच्या काचेतून काही धड दिसत नाही.

बघायचं काय, याची आपल्याकडे चंगळ आहे. चंद्र पौर्णिमेला बघू नका, तेव्हा तो सपाट दिसतो. शुद्ध नवमी-दशमीला बघा. उजेड-अंधाराच्या सीमेवर कोपर्निकस नावाचं ९३ किलोमीटर रुंद विवर असतं, त्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भिंती आणि मधली शिखरं त्या दिवशी लांब सावल्यांमुळे उठून दिसतात. मार्च २०२५मध्ये शनीची कडी आपल्या बाजूनं अगदी आडवी, रेघेसारखी झाली होती. आता ती वर्षागणिक उघडत जातील आणि २०३२च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील. त्याच काळात शनी महाराष्ट्रात जवळजवळ डोक्यावरून जाईल, म्हणजे मधे हवेचा थर कमीत कमी. एप्रिल-मेच्या रात्री दक्षिणेला नरतुरंग तारकासमूहात ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ येतो. सुमारे १७,००० प्रकाशवर्षांवर जवळपास एक कोटी ताऱ्यांचा गोळा. लंडनमध्ये तो कधी उगवतच नाही. काळोख्या जागेवरून १५० मिमीच्या दुर्बिणीत त्याच्या कडेचे तारे कणाकणानं वेगळे होतात.

रंगांची अपेक्षा मात्र ठेवू नका. मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग जवळजवळ कळत नाहीत, म्हणून मृगातला तेजोमेघ राखाडी, फार तर हिरवट दिसतो. फोटोतले गुलाबी-जांभळे रंग कॅमेऱ्यानं बराच वेळ प्रकाश साठवून मिळवलेले असतात. फोनवर चित्र पाठवणाऱ्या स्मार्ट दुर्बिणी तेच काम करतात. ज्यांना चित्रच हवंय त्यांनी त्या घ्याव्यात, पण शनीचा प्रकाश थेट स्वतःच्या डोळ्यात पडणं वेगळं, आणि मी ते कशाच्याही बदल्यात सोडणार नाही.

अजून मन पक्कं नसेल तर १० बाय ५० चा, म्हणजे दहापट मोठं दाखवणारा आणि ५० मिमी भिंगांचा, बायनॉक्युलर घ्या. कृत्तिका, पुष्यातला तारकागुच्छ, वृश्चिकाच्या नांगीजवळचे गुच्छ, हात टेकवून धरला तर गुरूचे चंद्रसुद्धा त्यात दिसतात, आणि पुढे दुर्बीण घेतली तरी तो कामाला येतोच. त्याआधी दुसऱ्यांच्या दुर्बिणींतून बघून घ्या. पुण्यात १९४४पासून चालू असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ, गोव्यात असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी. ठाणे जिल्ह्यातल्या वांगणीसारख्या ठिकाणी रात्रभर आकाशदर्शन चालतं. तिथे एका रात्रीत चार प्रकारच्या दुर्बिणी शेजारी-शेजारी बघायला मिळतात.

सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवू नका. आयपीसवर बसवायचा सूर्याचा छोटा फिल्टर मिळाला असेल तर फेकून द्या. तो उष्णतेनं तडकतो आणि डोळा कायमचा जातो. सूर्य बघायचाच असेल तर नळीच्या तोंडावर घट्ट बसणारा, खास त्यासाठी बनवलेला फिल्टर हवा, आणि फाइंडरवरही, म्हणजे नेम धरायला नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीवरही, झाकण हवं.

दुर्बीण जूनमध्ये घेऊ नका. चार महिने ढग असतात आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते. सप्टेंबरअखेर मागवा, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं स्वच्छ आकाश पूर्ण हाताशी येतं. पुढच्या पावसाळ्यात आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, नळीची तोंडं झाका, आणि आरशावर धूळ दिसली तरी फडक्यानं पुसू नका. थोड्या धुळीनं चित्रात फरक पडत नाही, पण पुसताना पडलेले ओरखडे जन्मभर राहतात.