इंग्लंडमधल्या पॅरिशशी भागीदारी : सीएनआय मंडळीसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

महाराष्ट्रातल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या (सीएनआय) एखाद्या मंडळीने इंग्लंडमधल्या पॅरिशशी (म्हणजे तिकडच्या स्थानिक मंडळीशी) नाते जोडायचे ठरवले, की कमिटीत पहिला प्रश्न निघतो तो पैशांचा. तो शेवटी घ्यावा. प्रार्थना, पत्रव्यवहार आणि ओळख एवढ्यावर चालणाऱ्या भागीदारीला सरकारी परवानगी लागत नाही. पहिला पौंड आला, की परदेशी योगदान नियमन कायदा म्हणजे एफसीआरए लागू होतो आणि त्यातली चूक संपूर्ण डायोसिसला (बिशपांच्या अधिकाराखालच्या विभागाला) भोवू शकते. म्हणून पहिले वर्ष पैशांच्या व्यवहाराविना जावे, असे आमचे ठाम मत आहे.

पात्रता आणि पहिला ठराव

सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चेसच्या एकीकरणातून स्थापन झाले आणि ते अँग्लिकन कम्युनियनचे, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या चर्चेसच्या जागतिक परिवाराचे, सदस्य आहे. त्यामुळे चर्च ऑफ इंग्लंडच्या पॅरिशशी नाते जोडायला सीएनआयची कुठलीही मंडळी पात्र आहे, मग ती मुळात अँग्लिकन असो वा नसो. मात्र आपली मंडळी मुळात कोणत्या परंपरेची आहे, हे समोरच्यांना पहिल्याच पत्रात सांगावे. पुण्याच्या पंचहौदसारख्या ठिकाणी अँग्लिकन परंपरा थेट आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) परिसरातल्या अनेक मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या म्हणजे काँग्रिगेशनल (बिशप नसलेल्या, प्रत्येक मंडळी स्वतःचा कारभार पाहणाऱ्या) वारशाच्या आहेत. उपासनेची पद्धत वेगळी दिसली की इंग्लंडचे पाहुणे गोंधळतात.

संपूर्ण कम्युनियनसाठी एकच छापील फॉर्म नाही. काम सुरू होते पास्टरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) ठरावापासून. ठरावात समोरच्या पॅरिशचे आणि तिच्या डायोसिसचे नाव, भागीदारीचा हेतू, मुदत आणि आपल्या बाजूच्या दोन संपर्क व्यक्ती असाव्यात. एक पाळकसाहेब आणि एक सभासद, अशी जोडी ठेवावी. पाळकांची बदली होते आणि सगळा पत्रव्यवहार त्यांच्याच ईमेलवर असेल तर दुवा तिथेच तुटतो. बहुतेक भागीदाऱ्या याच कारणाने बंद पडतात, भांडणामुळे क्वचितच.

ठरावाची प्रत जोडून बिशपांना पत्र द्यावे आणि लेखी संमती घ्यावी. तिकडे हाच निर्णय पॅरिशचे पॅरोकियल चर्च कौन्सिल घेते. एकट्या व्हिकरचे (तिकडच्या पाळकांचे) प्रेमाचे पत्र आले म्हणजे पॅरिशने होकार दिला असे होत नाही. कौन्सिलच्या ठरावाची प्रत मागावी. त्यांच्या डायोसिसचा आधीच एखाद्या देशाशी दुवा असतो, जसा सॉल्झबरीचा सुदानशी किंवा लंडनचा अंगोला-मोझांबिकशी. तरीही पॅरिश वेगळे नाते जोडू शकते, पण त्यांच्या बिशपांच्या कार्यालयाला ते माहीत असलेले बरे.

करारपत्र

दोन पाने पुरतात. मुदत तीन वर्षांची ठेवावी आणि नूतनीकरण दोन्हीकडच्या नव्या ठरावानेच व्हावे. प्रार्थनाविषय महिन्यातून एकदा कोण पाठवणार, मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय छापायचे नाहीत, सभासदांनी परस्पर मदत मागायची नाही, या तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. तिसऱ्या कलमाचा कमिटीत संकोच वाटतो, पण तेच कलम नाते जपते. इंग्लंडमधल्या एखाद्या आजीबाईंना थेट फोन करून फीचे पैसे मागितले गेले, की विश्वास उडायला वेळ लागत नाही.

ऑनलाइन संयुक्त उपासनेची वेळ भारतीय दुपारची ठेवावी. तिकडच्या सकाळच्या दहा वाजता इथे हिवाळ्यात साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच वाजलेले असतात. त्यांची घड्याळे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्या दोन आठवड्यांत आदल्या दिवशी वेळेची खात्री करून घ्यावी.

आपले पाळक इंग्लंडला जाताना

स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. एका भेटीत सहा महिन्यांपर्यंत राहता येते आणि परदेशातल्या धर्मसेवकाला उपदेश व पाळकीय काम करण्याची मुभा या व्हिसात आहे. मात्र त्यांचे मूळ काम मायदेशी असले पाहिजे आणि तिकडे कुठलेही पद स्वीकारता येत नाही. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो. निर्णयाला साधारण तीन आठवडे धरावेत, सुट्ट्यांच्या हंगामात जास्त. अर्जासोबत लागणारी कागदपत्रे :

- पासपोर्ट आणि मागील सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट
- यजमान पॅरिशचे निमंत्रणपत्र : तारखा, राहण्याचा पत्ता, रोजचा कार्यक्रम, कोणता खर्च कोण करणार
- खर्च पॅरिश करणार असेल तर पॅरिशच्या खात्याचा पुरावा
- बिशपांचे पत्र : नेमणूक, मंजूर रजेच्या तारखा, मानधन, परतल्यावर कोणत्या मंडळीत रुजू होणार
- मराठी कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर, त्यावर अनुवादकाचे नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर अचूक असल्याचे विधान

नकार बहुधा ‘परत येण्याचे पुरेसे कारण दिसत नाही’ या मुद्द्यावर येतो. पाळक पार्सोनेजमध्ये (चर्चच्या मालकीच्या घरात) राहतात, स्वतःच्या नावावर घर नसते, मानधन कमी असते. त्यामुळे बिशपांच्या पत्रातली शेवटची ओळ, म्हणजे परतल्यावरची नेमणूक, या अर्जात फार मोलाची ठरते. दुसरे कारण म्हणजे अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम जमा झालेली मोठी रक्कम. नातेवाइकांनी मदत म्हणून दिलेली असली तरी तिचा खुलासा जोडावाच.

व्हिसा मिळाला म्हणजे तिथे प्रभुभोजनाचा विधी चालवता येईल असे नाही. परदेशात दीक्षा झालेल्या पाळकाला इंग्लंडमध्ये सेवा करण्यासाठी १९६७ च्या कायद्यानुसार, कँटरबरी किंवा यॉर्क यांपैकी ज्यांच्या प्रांतात ते पॅरिश येते, त्या आर्चबिशपांची लेखी परवानगी लागते. यजमान पॅरिशला आपल्या डायोसिसच्या कार्यालयामार्फत हे काम व्हिसा अर्जाच्या आधीच सुरू करायला सांगावे. सोबत पाळक अधिकृत सेवेत आहेत आणि त्यांच्याबद्दल तक्रार नाही असे सांगणारे आपल्या बिशपांचे ‘गुड स्टँडिंग’ पत्र आणि दीक्षेच्या प्रमाणपत्राची प्रत द्यावी.

बालसुरक्षेच्या नियमांमुळे काही पॅरिश पोलिसांचे प्रमाणपत्र मागतात. पासपोर्ट कार्यालय टुरिस्ट व्हिसावर जाणाऱ्यांना ते देत नाही, हे त्यांना आधीच कळवावे आणि बिशपांचे पत्र चालेल का, हे त्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडून लेखी विचारून घ्यावे.

पाहुणे इकडे येताना

इथे खूप जण फसतात. पर्यटक व्हिसावर आलेला परदेशी पाहुणा चर्चमध्ये येऊन उपासनेत बसू शकतो, प्रवचन ऐकू शकतो. धार्मिक स्थळी भाषण करणे, धर्मविचारांचा उपदेश करणे किंवा पत्रके वाटणे याला मनाई आहे, आणि ओसीआय कार्डधारकांसाठीही (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीही) आपसूक सूट नाही. ‘दोन शब्द बोला’ म्हणून व्हिकरना पुलपिटवर बोलावणे यजमानाला साधा शिष्टाचार वाटतो. नियमाने ते उल्लंघन ठरते. उपदेश करायचाच असेल तर मिशनरी व्हिसा हा वेगळा मार्ग आहे. त्यासाठी पाहुण्यांनी भारतीय उच्चायुक्तालयाकडे निमंत्रक संस्थेच्या पत्रासह अर्ज करावा लागतो आणि वेळ बराच जातो.

पाहुणे पार्सोनेजमध्ये किंवा सभासदाच्या घरी उतरले तरी ते आल्यापासून २४ तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या पोर्टलवर माहिती भरणे यजमानावर बंधनकारक आहे. हॉटेलवाले हे आपोआप करतात, घरचे यजमान विसरतात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या स्कॅन प्रती आठवडाभर आधीच मागवून ठेवाव्यात.

पैसा आणि वस्तू

परदेशी योगदान म्हणजे फक्त बँकेतून आलेले पौंड नव्हेत. ब्रिटिश पाहुण्याने दानपेटीत टाकलेली भारतीय नोटही परदेशी योगदानच, आणि मंडळीला भेट दिलेला प्रोजेक्टरसुद्धा. लंडनला स्थायिक झालेल्या आपल्याच मराठी सभासदाने ब्रिटिश पासपोर्ट घेतला असेल, तर त्याची देणगीही याच कायद्यात येते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी सभासदाने स्वतःच्या बचतीतून दिलेली येत नाही. ट्रेझररने पावती फाडण्यापूर्वी नागरिकत्व विचारावे.

एफसीआरए नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि मागील तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. एकट्या मंडळीला हे क्वचितच जमते. नोंदणी नसेल तर एका ठरावीक देणगीसाठी एफसी-३बी फॉर्मने पूर्वपरवानगी मागता येते. त्याला देणगीदार पॅरिशचे रक्कम आणि हेतू नमूद केलेले वचनपत्र आणि प्रकल्प अहवाल लागतो.

व्यवहारात डायोसिसच्या नोंदणीकृत ट्रस्टचाच आधार घेतला जातो. पण सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्थेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणून मंडळीचा पॅन आणि नोंदणी स्वतंत्र असेल तर ट्रस्टने तिच्या खात्यात रक्कम टाकू नये. काम ट्रस्टने स्वतः करावे, बिले ट्रस्टच्या नावाने घ्यावीत आणि दुकानदाराला थेट पैसे द्यावेत. ट्रस्टच्या प्रमाणपत्रावर काम ‘धार्मिक’ की ‘शैक्षणिक’ म्हणून नोंदले आहे, तेही तपासावे. फक्त धार्मिक नोंद असेल तर शाळेच्या बाकांसाठी आलेला पैसा अडचणीत येतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे.

रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यावी लागते. गावातल्या शाखेचा खातेक्रमांक पाठवला की तिथेच उल्लंघन होते. पाठवताना पॅरिशने आपले पूर्ण नाव, पत्ता, देश आणि हेतू भरावा. नुसते ‘गिफ्ट’ लिहिले तर पैसे अडकतात.

इंग्लंडचे कौन्सिलही तिकडच्या करखात्याला उत्तरदायी असते. परदेशात पाठवलेला पैसा धर्मादाय कामासाठीच खर्च झाला, याची खात्री त्यांनी करून घ्यावी लागते. त्यामुळे बिलांच्या प्रती आणि फोटो मागितले तर तो अविश्वास समजू नये. खर्च संपताच महिनाभरात पाठवून द्यावेत.

वार्षिक विवरण एफसी-४ फॉर्ममध्ये ३१ डिसेंबरपर्यंत भरायचे असते. भागीदारी संपली, तर दोन्हीकडचे ठराव करून पत्राने कळवावे. उरलेली रक्कम एफसीआरए खात्यातून ठरलेल्या हेतूसाठीच खर्च करावी. त्यानंतर एक रुपयाही आला नाही, तरी ट्रस्टची नोंदणी चालू आहे तोवर शून्य रकमेचा एफसी-४ दरवर्षी भरावाच लागतो.