दगडीपाला आणि आजीचा अंगठा

गुडघा फुटला की आजी औषधाच्या डबीकडे जायची नाही. अंगणाच्या कडेला वाकून चार पानं खुडायची, तळहातावर चोळायची, हिरवा रस जखमेवर पिळायची आणि चोथा अंगठ्याने दाबून धरायची. झोंबायचं, पण रक्त थांबायचं. ती त्याला दगडीपाला म्हणायची. कुणी एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी.

पुण्यात वेताळ टेकडीवर किंवा तळजाईच्या माळावर फिरताना ही पायाखालीच असते. खोड जमिनीलगत सरपटतं आणि त्यातून वीतभर उंचीचा एकच लवदार दांडा वर येतो. टोकाला नखाएवढं फूल. जरा खाली बसून बघा: मध्ये पिवळी दाटी, कडेने फिकट चार-पाच पाकळ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन दात. हिचं ‘ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स’ हे शास्त्रीय नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिलेलं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते हिच्या मूळ गावाचं. ही इथली नव्हेच. मिरचीसारखीच अमेरिका खंडातून आलेली. म्हणजे आपल्याच कुणा खापरपणजीने हे परकं तण पहिल्यांदा जखमेवर लावून पाहिलं असणार, आणि गुण आला म्हणून शेजारणीला सांगितलं असणार.

गुण कशाचा? पानांत टॅनिन नावाची तुरट द्रव्यं असतात, ती प्रथिनांना आकसवतात. अर्काने काही जिवाणूंची वाढ रोखली जाते, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे; उंदरांच्या जखमांवरही प्रयोग झाले आहेत. पण प्रयोगशाळेतला अर्क वेगळा आणि पायवाटेवरचं धुळीने माखलेलं पान वेगळं. शिवाय बरंचसं श्रेय अंगठ्याचं आहे. दाबामुळे रक्ताचा ओघ मंदावतो, प्लेटलेट्स या रक्तातल्या बारीक पेशी जखमेच्या तोंडाशी गोळा होतात, फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं. साध्या खरचटण्यात हे काही मिनिटांत उरकतं.

भीती मातीची आहे. तिच्यात धनुर्वाताच्या जिवाणूंचे बीजाणू असतात आणि हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत ते वाढीला लागतात. खिळा घुसला असेल, तर तिथे पाला अजिबात कोंबू नका. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ कापड दाबून धरा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांकडे जा.

आजीसुद्धा पाला खुडण्याआधी मला नळाखाली उभं करून गुडघा खसखसून धुवायची. मी तेव्हाच सगळ्यात जास्त रडायचे.