शंभर फुटांचा डबा आणि छत्तीस फ्रेम: बल्क लोडिंगची पार्श्वभूमी

मोठ्या डब्यातली फिल्म कापून घरच्या घरी कॅसेट भरणे, म्हणजेच बल्क लोडिंग, हा चार पैसे वाचवायचा उद्योग, असा सर्वसाधारण समज आहे. पण ३५ मिमी छायाचित्रणाची सुरुवातच अशी झाली. भरलेली, वापरून फेकून द्यायची कॅसेट त्यानंतर काही वर्षांनी आली. आज बल्क लोडिंग करताना ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बऱ्याचशा या उलट्या क्रमातूनच आल्या आहेत.

फिल्म मुळात सिनेमाची. एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी ईस्टमनची ७० मिमी फिल्म उभी चिरून ३५ मिमीची पट्टी केली, दोन्ही कडांना छिद्रे पाडली आणि एका चित्राला ४ छिद्रे ठरवली. वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यातल्या ऑस्कर बार्नाक यांनी १९१४ च्या सुमारास हीच फिल्म कॅमेऱ्यात आडवी धावती केली आणि चित्र दुप्पट म्हणजे २४ × ३६ मिमीचे केले. एका फ्रेमला ८ छिद्रे लागू लागली. दोन छिद्रांमधले अंतर ४.७५ मिमी, म्हणजे मधल्या फटीसह एक फ्रेम ३८ मिमी. छत्तीस फ्रेमना १,३६८ मिमी, वर पुढचे-मागचे टोक धरून साधारण १.६ मीटर. लोडरवरचा, म्हणजे कॅसेट भरायच्या डबीवरचा, आकडा बिघडला, तर आजही हाच हिशेब कामी येतो. ३०.५ मीटरच्या म्हणजे १०० फुटी डब्यातून कागदावर १९ रोल निघतात, हाती १८ धरावेत.

१९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत बार्नाक यांचा हा कॅमेरा लायका नावाने बाजारात आला, तेव्हा सोबत मिळायची ती रिकामी पितळी कॅसेट. एकात एक बसणारी दोन नळकांडी आणि आत स्पूल, म्हणजे फिल्म गुंडाळायचा दांडा. कॅमेऱ्याचा तळ लावून चावी फिरवली की आतले नळकांडे फिरायचे आणि फिल्मसाठी रुंद फट उघडायची. तळ काढताना ती मिटायची. फिल्मला घासणारे काहीच नसल्याने ओरखड्यांचा प्रश्नच नव्हता. मात्र भरायचे काम अंधारात, बोटांनी चाचपत. शिवाय फिल्म खालून सरकवायची असल्याने पुढची जीभ लांब, १० सेंटिमीटरच्या आसपास कापावी लागे. त्यासाठी लाइट्झचा धातूचा साचाही मिळत असे. काप छिद्रातून गेला तर फिल्म आत अडकायची किंवा तिथेच फाटायची.

१९३४ मध्ये कोडॅकने रेटिना कॅमेऱ्याबरोबर १३५ कॅसेट आणली. ती लायका आणि कॉन्टॅक्स या कॅमेऱ्यांमध्येही बसत असे. उजेडातच कॅमेऱ्यात घालायची आणि काम झाले की फेकून द्यायची, म्हणून रचना स्वस्तातली: पत्र्याचे नळकांडे आणि प्रकाश अडवायला फटीच्या ओठांवर मखमली पट्टी. एकदाच वापरायचे तर ही पट्टी उत्तम. पुन्हा पुन्हा भरले, की तिच्यात धूळ आणि फिल्मचा चुरा अडकतो आणि साऱ्या रोलभर रुळांसारख्या समांतर रेघा उठतात. अशी कॅसेट पाच-सहा वेळा वापरून बाद करावी. पट्टी ब्रशने साफ केल्याने फायदा होतो, पण थोडाच.

सोव्हिएत संघात तर अनेक वर्षे १.६५ मीटरची फिल्म काळ्या कागदात गुंडाळून विकली जात असे आणि कॅसेट ज्याची त्याने भरायची. पाश्चात्त्य वृत्तछायाचित्रकारांना बल्क फिल्म लागे ती वेगळ्या कारणाने: लायकाच्या २५० फ्रेमच्या मॉडेलला १० मीटर फिल्म लागायची आणि तेवढी फिल्म साध्या कॅसेटमध्ये मावणे शक्य नव्हते.

घरगुती वापरात खरा फरक पाडला तो उजेडात चालणाऱ्या लोडरने. शंभर फुटी गुंडाळी फक्त एकदाच, पूर्ण अंधारात आत घालायची. पॅन्क्रोमॅटिक, म्हणजे सर्व रंगांचा प्रकाश टिपणाऱ्या, फिल्मला लाल दिवाही चालत नाही. पुढचे सगळे उजेडात. बाहेर आलेले टोक सरळ कापून स्पूलला चिकटपट्टीने जोडायचे. पट्टी दांड्याभोवती फिरवून फिल्मच्या दोन्ही बाजूंना लावली, तरच मोटरच्या कॅमेऱ्यात ती टिकते. नाहीतर शेवटच्या फ्रेमला फिल्म सुटते आणि मागे गुंडाळता येत नाही. इमल्शन, म्हणजे फिल्मची प्रकाश टिपणारी बाजू, आतल्या बाजूला हवे आणि स्पूलचे लांब टोक योग्य बाजूला. ते उलटे बसले तर कॅसेट कॅमेऱ्यात बसणारच नाही. मग नळकांडे, टोपण आणि लोडरचे झाकण लावायचे आणि हँडल फिरवायचे.

लोडर दोन जातींचे. लॉइड्स किंवा एपीच्या लोडरमध्ये फिल्म मखमली फटीतून बाहेर येते, म्हणजे कॅसेटच्या पट्टीच्या आधीच आणखी एक घासण्याची जागा. वॉटसनच्या जातीत प्रकाशाचे दार फिरवून उघडावे लागते आणि फिल्म कशालाही घासत नाही. पण ते उघडे असताना झाकण काढले तर गुंडाळीचे बाहेरचे बरेच वेढे वाया जातात, आणि न उघडताच हँडल फिरवले तर फिल्म ओरबाडली जाते. तरी निवड करायची तर वॉटसनच घ्यावा. चूक टाळणे आपल्या हातात असते, मखमलीतली धूळ नसते.

हँडलचे फेरे मोजून भरायची पद्धत फसवी आहे. स्पूलचा दांडा जेमतेम ११-१२ मिमी जाडीचा, त्यामुळे पहिल्या फेऱ्याला एक फ्रेमभर फिल्म जाते आणि शेवटच्या फेऱ्यांना ६ सेंटिमीटरच्या वर. म्हणून कोष्टकातले ३६ फ्रेमचे फेरे निम्मे केले, तर १८ फ्रेम भरत नाहीत. बऱ्याच कमी पडतात. हँडल सावकाश फिरवावे. कोरड्या हवेत झटके दिले की स्थिर विजेच्या ठिणग्या उडतात आणि निगेटिव्हवर झाडाच्या फांद्यांसारख्या खुणा उमटतात. आणखी एक गोष्ट: स्पूलला चिकटवताना जो तुकडा उजेडात होता, तो रोलच्या शेवटी येतो. तिथल्या एक-दोन फ्रेम फॉग झालेल्या, म्हणजे उजेडाने बिघडलेल्या, असणारच. महत्त्वाचे चित्र ३६ व्या फ्रेमवर ठेवू नये. उलट चाळीसेक फ्रेम कोंबल्या तर डेव्हलपिंगच्या रीळावर फिल्म पुरती चढत नाही.

सिनेमाच्या कॅमेरा निगेटिव्हची कडेची छिद्रे जरा वेगळ्या आकाराची असतात आणि त्यांच्यातले अंतर ४.७४ मिमी. छत्तीस फ्रेममध्ये मिळून फरक ३ मिमीचा, त्यामुळे साध्या कॅमेऱ्यात काही बिघडत नाही. १९५९ मध्ये आलेली ईस्टमन डबल-एक्स ५२२२ म्हणूनच कृष्णधवलवाल्यांच्या आवडीची. अडचण ४०० फुटी डब्याची. तो लोडरमध्ये मावत नाही, अंधारात त्याचे चार भाग करावे लागतात. जुन्या रंगीत सिनेमा निगेटिव्हची भानगड वेगळी. त्यांच्या पाठीवर कार्बनचा काळा थर असतो. रंगीत फिल्म धुण्याच्या नेहमीच्या सी-४१ यंत्रात तो सुटतो आणि द्रावणासह पुढच्या गिऱ्हाइकांच्या फिल्मही घाण करतो. म्हणून लॅब ती फिल्म घेत नाहीत.

१९८३ मध्ये कोडॅकने डीएक्स कोड आणला. कॅसेटवरचे चंदेरी-काळे चौकोन वाचून कॅमेरा फिल्मचा वेग स्वतःच ठरवू लागला. घरी भरायच्या कॅसेटवर सहसा हे चौकोन नसतात आणि मग बरेच कॅमेरे गुपचूप १०० आयएसओ धरतात. ४०० ची फिल्म भरली तर दोन स्टॉप, म्हणजे चौपट, जास्त उजेड पडतो. वेग हाताने लावायची सोय नसलेल्या कॅमेऱ्यासाठी त्याच वेगाची जुनी कॅसेट लॅबमधून आणावी. लॅबवाले फिल्म ओढून कापतात तेव्हा स्पूलला एक शेपूट उरते. नवी फिल्म त्या शेपटाला दोन्ही बाजूंनी चिकटवायची. या कॅसेटचे टोपण दाबून बंद केलेले असते, ते उघडायच्या फंदात पडू नये.