कन्व्हर्टर बदलण्याआधी इंजिनाकडे बघा

उत्प्रेरक म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा, पण स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ, ही व्याख्या आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलेली असते. मग वीस वर्षं जुन्या स्पोर्ट्स कारचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टच्या वाटेत बसून इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा उत्प्रेरकाचा डबा, ‘संपला’ असं मेकॅनिक सांगतो, तेव्हा नेमकं संपतं काय? आतले प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम हे धातू बहुतांशी जागेवरच असतात. तसं नसतं तर मेलेल्या कन्व्हर्टरला भंगारात एवढा भाव आलाच नसता.

संपतो तो पृष्ठभाग. पत्र्याच्या डब्यात सिरॅमिकची एक वीट असते आणि तिच्यातून आरपार जाणाऱ्या बारीक नळ्या असतात, दर चौरस इंचाला साधारण ४००. नळ्यांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा सच्छिद्र थर दिलेला असतो. या ॲल्युमिनाच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग शंभर चौरस मीटरच्या आसपास भरतो! त्यावर मौल्यवान धातूंचे नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतील एवढे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. त्यामुळेच अवघ्या काही ग्रॅम धातूत काम भागतं. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन यांचा कार्बन डायऑक्साइड व पाणी होतं, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा पुन्हा साधा नायट्रोजन होतो. ही दोन्ही कामं एकाच वेळी नीट व्हायची, तर इंजिनात एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा हे प्रमाण राखावं लागतं. प्रमाण थोडं इकडेतिकडे होतच राहतं. ते सांभाळायला थरात सिरियम ऑक्साइड मिसळलेलं असतं. जास्तीचा ऑक्सिजन ते धरून ठेवतं आणि टंचाई झाली की सोडतं.

आता या नाजूक रचनेला हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापवा. अळवाच्या पानावर थेंब सरकत एकमेकांत मिसळावेत, तसे धातूचे कण एकत्र येऊन मोठे होतात. धातू तेवढाच उरतो, पण वायूला शिवेल असा पृष्ठभाग घटतो. ॲल्युमिनाची छिद्रंही मिटत जातात. हा बदल उलट फिरत नाही. म्हणूनच पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या ‘कॅट क्लीनर’वर माझा फारसा विश्वास नाही. काजळी असेल तर ती जळेल, पण एक झालेले कण पुन्हा सुटे होणार नाहीत.

दुसरा शत्रू म्हणजे विष. शिसं हे त्यातलं सर्वांत कुप्रसिद्ध. १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकी गाड्यांत कन्व्हर्टर सर्रास आले, तेव्हा शिसेविरहित पेट्रोलही पंपांवर आणावंच लागलं. आज हे काम बहुतेक वेळा इंजिन ऑइल करतं. झीज रोखण्यासाठी त्यात फॉस्फरस आणि जस्ताची संयुगं घातलेली असतात. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले की ऑइल जळतं आणि त्याची राख थरावर बसते.

तिसरा प्रकार सर्वांत वेगवान आहे. ठिणगीसाठी वीज पुरवणारी इग्निशन कॉइल गेली, सिलिंडर मिसफायर करू लागला, म्हणजे त्यातलं इंधन पेटेनासं झालं, तरी मालक ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत गाडी पळवतो. न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेली हवा दोन्ही तापलेल्या कन्व्हर्टरमध्ये शिरतात आणि तिथे जळतात. सिरॅमिक वितळू शकतं. वितळलेल्या विटेने वाट अडली की गाडीचा दम जातो, वरच्या आरपीएमला ती ओढतच नाही.

स्पोर्ट्स कारला हे सगळं जरा जास्तच भोवतं. कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून तो अनेकदा एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (सिलिंडरांमधला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांना) खेटून बसवलेला असतो, कारण २५० ते ३०० अंशांच्या खाली तो जवळजवळ काहीच करत नाही. थंडीत सुरू होताना ही जवळीक फायद्याची, पण गाडी ट्रॅकवर पिळली की तीच अंगाशी येते. व्ही रचनेच्या इंजिनात दोन बाजूंना वेगवेगळे कन्व्हर्टर असतात. एकाच बाजूचा गेला असेल, तर ही बातमी त्या बाजूच्या सिलिंडरांबद्दल आहे असं समजून तपास करावा.

चेक इंजिनचा दिवा लागून पी०४२० हा ‘कन्व्हर्टर नीट काम करत नाही’ असं सांगणारा कोड आला, की लगेच नवा कन्व्हर्टर मागवू नये. कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतर एकेक ऑक्सिजन सेन्सर असतो. पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज सतत खालीवर होतो. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर मागच्याचा बराचसा स्थिर राहतो. मागचाही पुढच्याच्या तालावर नाचू लागला, तर ऑक्सिजन साठवायची ताकद गेली असं कॉम्प्युटर मानतो. पण एक्झॉस्टच्या सांध्यातल्या गॅस्केटमधून हवा गळत असेल किंवा सेन्सरच म्हातारा झाला असेल, तरी हा निष्कर्ष चुकतो. आधी गळती, मग प्लग आणि कॉइल, मग ऑइल किती जळतंय, असा माझा क्रम आहे. डबा ठोकल्यावर आत खडखडलं, तर मात्र वीट फुटली आहे आणि वाद मिटला.

नवा घेताना स्वस्त सुट्या बाजारातल्या डब्यात मौल्यवान धातू बहुधा कमी असतो. काही महिन्यांत दिवा पुन्हा लागतो तो यामुळे. धातूच्या पातळ पत्र्याचा, दर चौरस इंचाला २०० नळ्यांचा ‘स्पोर्ट्स कॅट’ वायूला कमी अडवतो, आवाजही खुलवतो, पण पृष्ठभाग कमी असल्याने काही गाड्यांचा मागचा सेन्सर तक्रार करतो. कन्व्हर्टर काढून सरळ पाइप लावणं हा पर्याय मी धरतच नाही. बहुतेक देशांत ते बेकायदा आहे, आणि मागे येणाऱ्याच्या नाकाचाही विचार करावा.

बसवताना जुने गंजलेले बोल्ट हीच खरी लढाई असते. आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, गॅस्केट नवीच वापरा. साधा सिलिकॉन सीलंट एक्झॉस्टजवळ नको. त्याची वाफ सेन्सरला विषारी ठरते. विटेभोवती अनेकदा तापल्यावर फुगणारी चटई असते. ती पहिल्या तापण्यातच फुगून विटेला घट्ट धरते, तेव्हा गाडी सुरुवातीला शांतपणे गरम होऊ द्या. कोड पुसल्यावर कॉम्प्युटरला स्वतःची चाचणी पूर्ण करायला थंड सुरुवात आणि एकसारख्या वेगाचा थोडा प्रवास लागतो. तोवर विझलेल्या दिव्यावर विश्वास ठेवू नका.