पुराला जागा देणाऱ्या बागा : काठ कुणाचा, निर्णय कुणाचा

शहरातल्या पाण्याकाठी बाग करायची आणि पूर आला की तीच बाग पाणी पोटात घेईल, ही कल्पना हल्ली हवामानबदलाच्या चर्चेत नवी म्हणून मांडली जाते. ती जवळपास दीडशे वर्षं जुनी आहे. मधल्या काळात शहरं ती विसरली. का विसरली हे पाहिल्याशिवाय आजच्या आराखड्यांवरून पेटणारे वाद नीट कळत नाहीत.

1878 मध्ये बोस्टनच्या उद्यान आयोगाने बॅक बे भागातल्या दलदलीसाठी आराखड्यांची स्पर्धा घेतली. पहिला क्रमांक काढला, बक्षीस दिलं, आणि तो आराखडा बाजूला ठेवून उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांना बोलावणं धाडलं. जागा म्हणजे डोकेदुखीच होती. मडी रिव्हर आणि स्टोनी ब्रुक हे दोन प्रवाह वस्तीचा मैला घेऊन तिथे येत. ज्या चार्ल्स नदीला ते मिळत, तिच्यात तेव्हा समुद्राची भरती शिरत असे. त्यामुळे मैला दिवसातून दोनदा मागे ढकलला जाई आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाची दुर्गंधी आसपास पसरे. भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले तर पाण्याला जायला वाटच उरत नसे.

ओल्मस्टेड आणि शहराचे अभियंते जोसेफ डेव्हिस यांनी यावर काढलेला तोडगा आजही थक्क करतो. मैलापाणी वेगळ्या वाहिनीत वळवायचं. भरतीचं पाणी झडपेतून मोजकंच आत घ्यायचं. मधे नागमोडी पात्र ठेवून दोन्ही बाजूंना खाजण तयार करायचं, त्यात खाऱ्या पाण्यात तगणारं गवत लावायचं, आणि काठ इतके उतरते ठेवायचे की तुंबलेलं पावसाचं पाणी उंच चढण्याऐवजी आडवं पसरेल. पसरलेल्या पाण्यावर वाऱ्याने लाटा उठल्या तर गवत त्या मोडेल, काठ खचणार नाही. या कामाला ‘पार्क’ म्हणायला ओल्मस्टेड राजी नव्हते. त्यांच्या लेखी ती आधी सांडपाण्याची आणि पुराची सोय होती, फिरायची जागा त्यानंतर. म्हणून नाव पडलं फेन्स, म्हणजे पाणथळ.

1910 मध्ये चार्ल्स नदीच्या मुखाशी धरण झालं. भरती थांबली, पाणी गोडं झालं, खाजणातलं गवत गेलं. पाणी सामावण्याचं काम डोळ्यांना दिसेनासं झाल्यावर ती जागा नुसती ‘मोकळी’ वाटू लागली. भुयारी रेल्वेच्या खोदकामाची माती तिथे पडली. पुढे एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगसाठी मडी रिव्हरचा एक तुकडा चक्क पाइपात कोंबला गेला. ऑक्टोबर 1996 च्या अतिवृष्टीत नदी फुगली आणि पाणी केनमोर या भुयारी स्थानकात घुसलं. पाइपातला तो तुकडा खणून पुन्हा उघडा करायला 2010 चं दशक उजाडलं. बागेची रचना कागदावर कितीही हुशार असो, ती काय काम करते हे पुढच्या पिढीतल्या अधिकाऱ्यांना आणि रहिवाशांना माहीत नसेल, तर ती टिकत नाही.

बोस्टनची ही वाट तशी आडवाटच होती. हमरस्ता घालून दिला लंडनने. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने संसदेत बसणं अशक्य झालं आणि अभियंते जोसेफ बॅझलजेट यांच्या गटारयोजनेला पैसा मिळाला. 1870 मध्ये खुला झालेला व्हिक्टोरिया एम्बँकमेंट त्याच योजनेचा भाग: नदीच्या पात्रात भराव, बाहेरून ग्रॅनाइटची भिंत, पोटात मैलावाहिनी आणि भुयारी रेल्वे, वर रस्ता, झाडं, बागा. पटकीच्या साथी आवरण्यात या कामाचा वाटा मोठा आहे, तेव्हा त्याला नावं ठेवणं कृतघ्नपणाचं होईल. पण पात्र अरुंद झालं आणि नदी कठड्यावरून बघायची गोष्ट झाली. भिंत, वर रस्ता, कडेला बाकं हा साचा पुढे जगभर उचलला गेला, आणि त्यातल्या कित्येक ठिकाणी पोटातली मैलावाहिनी मात्र राहूनच गेली.

बंदराच्या शहरांत तर सामान्य माणसाला काठावर पाऊलही ठेवता येत नव्हतं. तिथे धक्के, गोदामं, गॅसचे कारखाने. हे चित्र पालटलं ते एका व्यापारी युक्तीमुळे. 26 एप्रिल 1956 रोजी मॅल्कम मॅक्लीन यांचं ‘आयडियल एक्स’ जहाज 58 कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. कंटेनरला अफाट आवार आणि मोठ्या क्रेन लागतात. शहराच्या मध्यातल्या चिंचोळ्या धक्क्यांवर ते शक्य नव्हतं. पुढच्या दोन-तीन दशकांत मॅनहटन, ब्रुकलिन, लंडन, बाल्टिमोर इथले जुने धक्के ओस पडले आणि शहरांच्या हाती अचानक मैलोन्‌मैल रिकामा काठ आला.

त्याचं काय करायचं यावर एकमत नव्हतं. बाल्टिमोरने 1980 मध्ये दुकानं आणि खाण्यापिण्याची ठिकाणं उभारली, आणि पर्यटक येतात हे पाहून कित्येक शहरांनी त्याची नक्कल केली. सिॲटलमध्ये रिचर्ड हॅग यांनी बंद गॅस कारखान्याचे गंजके मनोरे जागेवरच ठेवून 1975 मध्ये बाग खुली केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात तर भराव घालून शहर पुढे सरकवण्याचे बेत चालले होते. ते अडवण्यासाठी 1961 मध्ये बर्कलीतल्या तीन बायका, के केर, सिल्व्हिया मॅक्लॉफ्लिन आणि एस्थर गुलिक, उभ्या राहिल्या. 1965 मध्ये कायदा झाला, भराव घालण्यावर नियंत्रण ठेवणारा आयोग नेमला गेला, आणि काठावर लोकांना वाट देणं हाही त्याच्या कामाचा भाग ठरला.

पोर्टलंडची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. विलमेट नदीच्या कडेने हार्बर ड्राइव्ह नावाचा वेगवान रस्ता होता, आणि तो आणखी रुंद करायचं घाटत होतं. 1969 च्या ऑगस्टमध्ये काही नागरिक मुलाबाळांसह, डबे घेऊन त्याच रस्त्याच्या मधल्या गवताच्या पट्टीवर सहलीला जाऊन बसले. दोन्ही बाजूंनी गाड्या धावताहेत आणि मधे माणसं जेवताहेत. 1974 मध्ये रस्ता बंद झाला, 1978 मध्ये तिथे बाग झाली. पण नदीकडची कडा होती तीच राहिली, 1920 च्या दशकातली उभी भिंत. फेब्रुवारी 1996 मध्ये नदी त्या भिंतीच्या माथ्यापर्यंत आली तेव्हा स्वयंसेवकांनी भिंतीवर प्लायवुडच्या फळ्या ठोकून, वाळूची पोती रचून पाणी थोपवलं. लोकांनी काठ मोटारींकडून सोडवून घेतला होता. पाण्याशी काय करायचं हा प्रश्न तेव्हा कुणाच्या यादीतच नव्हता.

तो प्रश्न यादीत आणला डचांनी, आणि तोही ठेच लागल्यावर. 1953 च्या समुद्री पुरात नेदरलँड्समध्ये 1,836 माणसं गेली. त्यानंतर उभी राहिलेली डेल्टा योजना म्हणजे बांध, झडपा आणि आणखी बांध. पण 1993 आणि 1995 मध्ये नद्यांनी मागच्या दाराने धडक दिली. 1995 मध्ये सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. बांध टिकले खरे, पण ते असेच उंच करत गेलं तर फुटेल त्या दिवशी अनर्थ मोठा, हे ध्यानात आलं. मग धोरण उलटं फिरवलं गेलं: नदीला जागा द्यायची. नायमेखनजवळ व्हाल नदीला एक अवघड वळण आहे आणि ती तिथेच अरुंद होते. पलीकडच्या लेंट गावाचा बांध 350 मीटर मागे सरकवून तिथे नदीला दुसरं पात्र खोदलं. मधे बेट तयार झालं, आणि नव्या पात्राच्या काठाला पायऱ्या, पुळण, पोहायच्या जागा. 2016 पर्यंत हे काम पुरं झालं. त्यासाठी सुमारे 50 घरं पाडावी लागली. नदीकाठच्या सुंदर छायाचित्रांत ती घरं दिसत नाहीत. नदीला दिलेली जागा कुणाच्या तरी पायाखालची असते.

आशियात हाच विचार दोन वाटांनी आला. सिंगापूरच्या जलमंडळाने 2006 मध्ये गटारवजा कालव्यांना पुन्हा नदीचं रूप द्यायची योजना आखली. बिशान पार्कच्या कडेने जाणारा 2.7 किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा फोडून त्या जागी 3.2 किलोमीटरची वळणावळणाची कल्लांग नदी वाहती केली, आणि 2012 मध्ये बाग खुली झाली. पाऊस चढला की भोंगे वाजतात, लोक वर येतात, खालची हिरवळ नदीची होते. चीनमध्ये जिन्हुआ इथे कोंगज्येन यू यांच्या संस्थेने पूररोधक काँक्रीट भिंत काढून तिथे उतरत्या पायऱ्यांची शेतं केली. तिथल्या गवतांना पुराचा गाळ हेच खत.

या सगळ्याची खरी परीक्षा झाली 29 ऑक्टोबर 2012 च्या रात्री, न्यूयॉर्कमध्ये. सँडी वादळाने मॅनहटनच्या टोकाशी पाण्याची पातळी जवळपास 14 फुटांवर नेली. ईस्ट रिव्हरच्या दोन काठांवर दोन वेगळ्या बागा होत्या.

ब्रुकलिनच्या बाजूला उद्यानरचनाकार मायकेल व्हॅन व्हाल्केनबर्ग यांनी जुन्या धक्क्यांवर आखलेली बाग नुकतीच आकाराला येत होती. तिची कडा पाण्यापासून वर बघत जावी अशी आहे. आधी दगडांचं उतरतं पिचिंग, लाट आपटून परत न फिरता दगडांच्या फटींत विरते. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात खाजणातलं गवत. त्यानंतर वाट, आणि मोठी झाडं मुद्दाम घातलेल्या उंचवट्यांवर, म्हणजे खारं पाणी आलंच तरी मुळांशी साचू नये. पाणी आलं आणि ओसरलं. झाडं बहुतांशी वाचली. विजेच्या यंत्रणेला मात्र फटका बसला. त्या रात्रीचं एक छायाचित्र गाजलं: चहूबाजूंनी काळं पाणी आणि मधे काचेच्या घरात दिवे लागलेलं मेरी-गो-राउंड.

समोरच्या मॅनहटनच्या काठावर 1930 च्या दशकाअखेरीस शहराचे तेव्हाचे उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी केलेली ईस्ट रिव्हर पार्क होती, भरावावरची, सपाट. तिच्यामागे सरकारी घरकुलांच्या रांगा. बागही बुडाली आणि घरकुलांतही पाणी शिरलं. जवळच्या वीज उपकेंद्रात स्फोट होऊन खालचं मॅनहटन अंधारात गेलं. त्यानंतरच्या ‘रीबिल्ड बाय डिझाइन’ स्पर्धेतून या काठाला 33.5 कोटी डॉलरचा केंद्रीय निधी मिळाला. पुढची काही वर्षं रहिवाशांच्या बैठका झाल्या. ठरलं असं की बागेच्या आतल्या बाजूला, महामार्गालगत मातीचा उंच उतार करायचा, नदीकडची बाग पुरात बुडू द्यायची. म्हणजे ओल्मस्टेड यांचंच सूत्र.

सप्टेंबर 2018 मध्ये महापालिकेने हा आराखडा गुंडाळला आणि नवा आणला: सगळी बागच भराव टाकून आठ-एक फूट उचलायची. खर्च 145 कोटी डॉलर, आणि सुमारे हजार झाडं जाणार. तांत्रिक बाजूने पालिकेच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. महामार्ग आणि विजेच्या मोठ्या केबलशेजारी काम करणं जिकिरीचं होतं, आणि सतत वाढणाऱ्या समुद्रपातळीपुढे सखल बाग किती वर्षं तगेल हा प्रश्नही खराच. पण ज्यांनी चार वर्षं बैठकांना हजेरी लावली त्यांना हा निर्णय तयार होऊन आल्यावर कळला. मोर्चे निघाले, खटले झाले. वस्तीतही दोन तट पडले. घरकुलांतल्या अनेकांना सँडीची रात्र आठवत होती, त्यांना काहीही करून लवकर संरक्षण हवं होतं. 2021 च्या अखेरीस झाडांवर करवत चालली.

लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी 1969 मध्येच लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. खालच्या पायरीवर लोकांना नुसतं गुंडाळणं, वरच्या पायरीवर लोकांच्या हाती निर्णय. माहिती देणं आणि मत विचारणं या मधल्या पायऱ्यांना त्यांनी दिखाऊ सहभाग म्हटलं होतं. काठावरच्या बागांच्या बहुतेक बैठका अजून तिथेच अडकलेल्या आहेत: रंगीत चिठ्ठ्या चिकटवून घ्यायच्या, खेळाचं मैदान हवं की बाकं हे विचारायचं, आणि पूरपातळी कुठे धरायची, भिंत किती उंच, बुडणार कोण हे मात्र अभियंत्यांच्या बंद खोलीत ठरवायचं.

आणि बाग झाल्यावर तिचा खर्च? ह्यूस्टनची बफेलो बायू पार्क बुडण्यासाठीच बांधलेली होती. 2017 च्या हार्वी वादळानंतर वरच्या जलाशयांतून पाणी सोडलं जात राहिल्याने ती कित्येक आठवडे पाण्याखाली राहिली आणि नंतर खालच्या वाटांवरून गाळ उपसण्यातच महिने गेले. ब्रुकलिनमध्ये अडचण आणखी गमतीची. नदीचं पाणी स्वच्छ झालं, तसे लाकूड पोखरणारे सागरी जीव परतले आणि धक्क्यांखालचे जुने खांब खाऊ लागले. देखभालीचा पैसा बागेनेच उभा करायचा असं आधीच ठरलेलं होतं, म्हणून बागेच्या हद्दीत उंची इमारती बांधल्या गेल्या. त्यावरून शेजाऱ्यांशी वर्षानुवर्षं भांडण चाललं.

बाग झाली की आसपासची भाडी चढतात आणि जिच्यासाठी ती बांधली ती वस्ती उठते, हा अनुभव एव्हाना इतक्या ठिकाणी आला आहे की वॉशिंग्टनमध्ये ॲनाकोस्टिया नदीवर पुलासारखी उभारायच्या बागेच्या मंडळींनी क्रमच बदलला. 2015 मध्ये, बांधकामाच्या खूप आधी, त्यांनी घरं, रोजगार आणि छोटे धंदे यांची योजना लिहिली. त्यातून नदीपलीकडच्या कमी उत्पन्नाच्या वस्तीसाठी सामाईक मालकीची जमीन-विश्वस्त संस्था उभी राहिली, आणि पुलाचं काम सुरू व्हायच्या आधीच तिने परवडणारी घरं आपल्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली.