बेदाण्याच्या सौद्यामागची गणितं
पार्श्वभूमी

तासगावच्या सौद्यात बेदाण्याची पेटी उघडली की व्यापारी मूठभर माल तळहातावर पसरतो, रंग बघतो, दाणा दाबून बघतो, मग दर बोलतो. त्या दरात अफगाणिस्तानातून येणारा माल असतो, आयात शुल्क असतं, शेडवरच्या बायकांची हजेरी असते. यातलं एक हललं की बाकीचं किती हलेल, हे आकड्यांत मांडणाऱ्या संशोधकांना आज ज्या कामासाठी मानसन्मान मिळतात, त्याची सुरुवात नव्वद वर्षांमागे जाते.

1936 मध्ये अर्थतज्ज्ञ वासिली लिओन्टिफ यांनी अमेरिकेचा उत्पादनाचा तक्ता मांडला: प्रत्येक उद्योग दुसऱ्याकडून काय घेतो आणि कुणाला काय देतो. आपल्याकडे बेदाण्याला द्राक्ष, डिपिंग ऑईल, मजुरी, पेटी, कोल्ड स्टोरेज किती लागतं, हे लिहून काढावं, तसंच हे. त्यांना नोबेल मिळालं 1973 मध्ये. मधल्या काळात, 1960 मध्ये, नॉर्वेच्या लेफ योहानसेन यांनी अशा तक्त्यात किमतीही बदलत्या ठेवून अख्ख्या अर्थव्यवस्थेचं प्रारूप, म्हणजे गणिती मॉडेल, सोडवून दाखवलं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती 1969 ची पॉल आर्मिंग्टन यांची मांडणी. ते आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत होते. माल एकच असला तरी तो कुठून आला यावर गिऱ्हाईक त्याला वेगळा मानतं, म्हणून परदेशी माल थोडा स्वस्त झाला तरी सगळे तिकडे धावत नाहीत, असं त्यांनी धरलं. सांगलीच्या पेठेत हे कुणाला शिकवावं लागत नाही. राजापुरी हळद मागणारा दुसरीकडची हळद चार पैसे कमी म्हणून लगेच उचलत नाही. जागतिक व्यापाराची बहुतेक प्रारूपं आजही याच गृहीतकावर उभी आहेत.

तरीही जो तो आपापली आकडेवारी घेऊन बसला होता. 1992 मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात थॉमस हर्टेल यांनी ‘जीटॅप’ (ग्लोबल ट्रेड अ‍ॅनालिसिस प्रोजेक्ट) हा जागतिक व्यापाराच्या अभ्यासाचा प्रकल्प सुरू केला आणि सगळ्यांसाठी एकच सामायिक आकडेवारी उभी राहू लागली. तिच्या अकराव्या आवृत्तीत 141 देश आणि 65 क्षेत्रं, म्हणजे पिकं-उद्योगांचे रकाने, आहेत. देशोदेशीचे संशोधक आपापल्या देशाचा तक्ता नीट जुळवून देतात, तेव्हा ती भरते. अशा योगदानासाठी प्रकल्प ‘रिसर्च फेलो’ निवडतो. ऑस्ट्रेलियाचे अर्थतज्ज्ञ अ‍ॅलन पॉवेल यांच्या नावानेही एक पुरस्कार आहे. नोबेल कल्पनेला मिळतं. रकाने जुळवत वर्षानुवर्षं बसणाऱ्याला त्याच्याच क्षेत्रातल्या लोकांनी नाव घेऊन उभं करणं, हे मला तितकंच मोलाचं वाटतं.

असं काम आपल्या मातीतही झालंय. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या पुण्यातल्या गोखले संस्थेने वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च पाहणी करून नोंदवला, तो स्वातंत्र्याच्या आधी.

जीटॅपच्या 65 रकान्यांत द्राक्ष आणि कांदा एकत्रच आहेत, आणि हळद ‘इतर पिकं’मध्ये. रकाना फोडायचा तर ऑस्ट्रेलियाच्या मार्क हॉरिज यांचं ‘स्प्लिटकॉम’ हे सॉफ्टवेअर आहे. पण हळदीचं क्षेत्र, शिजवणं, पॉलिशची मजुरी, बाहेर गेलेला माल हे आकडे त्यात घालायला कुणीतरी सांगलीतूनच गोळा करावे लागतील.